संशोधनाचे स्थळ पाहताना

दिवाळी तोंडावर आली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत दोन प्रकारची भर पडते. पहिली, फराळाच्या आमंत्रणांची. आणि दुसरी, ‘आमच्या मुलाने आता पुढे काय करावे?’ असे विचारणाऱ्यांची. पहिल्या प्रकारच्या पत्रांना मी तत्परतेने होकार कळवतो. दुसऱ्या प्रकारच्या पत्रांना या सदरातून जमेल तशी उत्तरे देतो. यंदा मात्र या दुसऱ्या पत्रांचा सूर बदललेला दिसला. पूर्वीचा प्रश्न असे तो ‘डॉक्टर की इंजिनिअर?’ असा. आता मुलगा इंजिनिअर होऊन बसला आहे, मुलगी एम. एस्सी. झाली आहे, आणि त्यांच्यापैकी कोणीतरी जेवता जेवता शांतपणे जाहीर केले आहे, ‘मला पीएच. डी. करायची आहे.’

यावर काय बोलावे ते आईबापांना सुचत नाही. इंजिनिअर व्हायचे तर कोणती परीक्षा द्यावी, कोणता क्लास लावावा, त्याची फी किती, हे कोपऱ्यावरचा वाणीदेखील सांगू शकतो. पण पीएच. डी.ची जागा कुठे मिळते, ती कोण देतो, कधी देतो, आणि मुख्य म्हणजे पैसे आपण मोजायचे की त्यांनी, हे घरात कोणालाच ठाऊक नसते. एका गृहस्थांनी तर सरळ विचारले आहे, ‘पीएच. डी.ला डोनेशन किती पडते?’

म्हणून या अंकासाठी हा विषय घेतला. मी आयुष्याची बरीच वर्षे गंजाचा अभ्यास करण्यात काढली. लोखंड का गंजते आणि ते गंजू नये म्हणून काय करावे, हा माझा विषय. त्या काळात संशोधनासाठी जागा मागणारे अर्ज माझ्या टेबलावर शेकड्यांनी आले. अर्ज करणाऱ्याला टेबलाच्या पलीकडे काय चालते ते दिसत नाही. मला ते रोज दिसे. त्या जोरावर एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. पीएच. डी.ची जागा म्हणजे परीक्षेत मिळालेले बक्षीस नव्हे. ते स्थळ आहे.

हसू नका. बी. ई. किंवा एम. एस्सी.ला आपण एका कॉलेजात प्रवेश घेतो; तिथे वीस शिक्षक असतात, एक नावडला तर दुसऱ्याच्या तासाला मन रमते. पीएच. डी.ला मात्र एका माणसाच्या हाताखाली, एका प्रश्नाच्या मागे, पाच-सहा वर्षे काढायची असतात. आणि तीही बाविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंतची, म्हणजे आयुष्यातली ऐन उमेदीची. परीक्षा उत्तीर्ण झालात म्हणजे लग्नाच्या वयात आलात, एवढाच तिचा अर्थ. संसार कोणाशी करायचा, हे त्या परीक्षेने ठरत नाही. पण आपली मुले परीक्षेसाठी दोन वर्षे रात्रीचा दिवस करतात, आणि मार्गदर्शक मात्र मुलाखतीच्या दिवशी दुपारच्या चहाच्या वेळात निवडतात.

आधी पैशाची बाब उरकून घेऊ, म्हणजे वडीलमंडळी पुढचे शांतपणे वाचतील. विज्ञान आणि अभियांत्रिकी या विषयांत पूर्ण वेळ पीएच. डी. करणाऱ्याला चांगल्या ठिकाणी विद्यावेतन मिळते. डोनेशनचा प्रश्नच नाही. कोणी मध्यस्थ ‘जागा मिळवून देतो’ म्हणून पैसे मागू लागला तर त्याला चहा न पाजता वाटेला लावावे. आपल्याकडे १ जानेवारी २०२३ पासून ज्युनिअर रिसर्च फेलोला पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि सीनिअर झाल्यावर ४२,००० रुपये, घरभाडे-भत्ता निराळा, असा दर ठरला. २०१८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान संशोधन फेलोशिपचे आकडे याहून मोठे होते. तिथे दरमहा ७०,००० पासून ८०,००० पर्यंत रक्कम ठेवली होती. २०२५ च्या अर्थसंकल्पात या योजनेखाली आय. आय. टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांतील संशोधनासाठी पाच वर्षांत दहा हजार फेलोशिप देण्याचे जाहीर झाले. कंपनीतल्या पगाराशी तुलना केली तर हे पैसे थोडे वाटतील. पण मुलगा किंवा मुलगी घरावर भार होऊन बसणार नाही, एवढे नक्की.

आता आपल्या देशातली रीत. विज्ञानाच्या विद्यार्थ्यासाठी सी. एस. आय. आर. आणि यू. जी. सी. यांची ‘नेट’ परीक्षा असते. ती वर्षातून दोनदा होते आणि तीत वर येणाऱ्यांना वर सांगितलेली फेलोशिप मिळते. इंजिनिअरसाठी ‘गेट’, ती वर्षातून एकदा, फेब्रुवारीच्या सुमारास होते आणि तिचे गुण तीन वर्षे चालतात. पदार्थविज्ञानवाल्यांना ‘जेस्ट’ आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा स्वतंत्र आहे. २०२४ पासून नेटच्या निकालाच्या तीन याद्या लागू लागल्या. पहिल्या यादीतल्यांना फेलोशिप, दुसरीतल्यांना प्राध्यापकीची आणि पीएच. डी. प्रवेशाची पात्रता, आणि तिसरीतल्यांना फक्त पीएच. डी. प्रवेशाची. शेवटच्या दोन याद्यांतले गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात, हे लक्षात ठेवावे. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्यांची तिथे फसगत होते.

फेलोशिप स्वतःच्या नावाने मिळाली असेल तर विद्यार्थी आपली शिदोरी बरोबर घेऊन येतो, आणि प्राध्यापकही त्याच्याशी जरा अधिक अदबीने बोलतात. ती नसली तरी दार बंद होत नाही. मोठ्या संस्थांकडे त्यांच्या स्वतःच्या जागा असतात, पवईच्या आय. आय. टी.सारख्या ठिकाणी वर्षातून दोनदा प्रवेश होतात. शिवाय एक बाजूचे दार आहे, ते फारसे कोणाला माहीत नसते. प्राध्यापकाला सरकारकडून किंवा उद्योगाकडून एखाद्या प्रकल्पासाठी पैसे मिळतात, आणि त्यातून तो प्रकल्प-सहायक नेमतो. याची जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळावर एखाद्या कोपऱ्यात लागते आणि पंधरा दिवसांत उतरते. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा असो की मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, अशा जागा निघत राहतात. वर्षभर सहायक म्हणून काम केले की घर आतून पाहायला मिळते आणि पुढे तिथेच पीएच. डी.साठी नाव नोंदवता येण्याचा संभव असतो. मात्र प्रकल्प तीन वर्षांत संपतो आणि पीएच. डी. तीन वर्षांत क्वचितच संपते. मधल्या काळात पैसे कोठून येणार, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

अशी परीक्षा झाली, दार सापडले. आता स्थळाची चौकशी.

आपण मुलीचे लग्न ठरवताना काय करतो? मुलाचा पगार विचारतो, घर पाहतो, पण खरी माहिती काढतो ती त्या घरात आधी दिलेल्या मुलीकडून. मार्गदर्शकाच्या बाबतीत नेमके हेच करायचे. त्यातली निम्मी चौकशी घरबसल्या होते. भारतीय विद्यापीठांतले प्रबंध ‘शोधगंगा’ नावाच्या भांडारात ठेवलेले आहेत आणि ते कोणालाही मोफत उघडून पाहता येतात. ज्या प्राध्यापकांकडे जायचे आहे त्यांच्या विद्यार्थ्यांचे चार प्रबंध काढावेत. दर प्रबंधाला किती वर्षे लागली ते पाहावे. विषय एकमेकांपासून वेगळे आहेत, की एकच पीठ पुन्हा पुन्हा मळले आहे, हेही कळते. आणि ऋणनिर्देशाचे पान अवश्य वाचावे. ‘आदरणीय सरांच्या अमूल्य मार्गदर्शनाबद्दल’ एवढ्या एका वाक्यात सरांची बोळवण केली असेल आणि खालच्या दोन परिच्छेदांत प्रयोगशाळेतल्या मामांचे मनापासून आभार मानले असतील, तर काम कोणी पार पाडले ते समजून घ्यावे.

दुसरी चौकशी वयाची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. आणि ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला आहे त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. पीएच. डी.ची मुदत कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षे. पुन्हा नोंदणी करून ती दोन वर्षे वाढवता येते, आणि स्त्रियांना त्याहून दोन वर्षे अधिक सवलत आहे. आय. आय. टी.सारख्या संस्थांचे नियम त्यांचे त्यांचे असतात. तेव्हा सरांच्या निवृत्तीचे वर्ष विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. चौथ्या वर्षी सर निरोप-समारंभाचा हार घालून घरी गेले, तर आपला प्रबंध कोण तपासणार?

तिसरी चौकशी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच आपली मुले टाळतात. त्या प्रयोगशाळेतल्या निदान दोन विद्यार्थ्यांशी बोलावे. एक आत असलेला, एक बाहेर पडलेला. विचारायचे प्रश्न साधे आहेत. मागचे तीन विद्यार्थी किती वर्षांत मोकळे झाले आणि आता कुठे आहेत? अर्ध्यावर कोण सोडून गेले? सर आठवड्यातून कितीदा भेटतात? लिहून दिलेला मसुदा किती दिवसांनी परत येतो? शोधनिबंधावर पहिले नाव काम करणाऱ्याचे असते की दुसऱ्या कोणाचे? विद्यावेतन वेळेवर हाती पडते का? आणि फोनवर ‘सर चांगले आहेत’ असे म्हणण्याआधी समोरचा किती वेळ थांबतो, तेही ऐकावे.

हे मी तळमळीने सांगतो त्याला कारण आहे. आमच्याच इमारतीतला एक मुलगा मोठ्या नावाच्या संस्थेत, त्याहून मोठ्या नावाच्या प्राध्यापकांकडे गेला. पेढे वाटले गेले. प्राध्यापक महिन्यातले वीस दिवस परगावी असत. दुसऱ्या वर्षी त्यांनी विषय बदलला, तिसऱ्या वर्षी तो पुन्हा बदलला. चौथ्या वर्षी मुलगा दोन बॅगा आणि सहा वह्या घेऊन घरी परत आला. त्याचे वडील माझ्याकडे येऊन म्हणाले, ‘पोरानं धीर सोडला हो!’ मी त्या वह्या पाहिल्या. तारीखवार, नीटनेटक्या, एकही प्रयोग अर्धवट टाकलेला नाही. त्या मुलात काही कमी नव्हते. त्याच टेबलावरून त्याच्याआधी तीन जण असेच उठून गेले होते. हे त्याला कोणी सांगितले नव्हते, कारण त्याने कोणाला विचारले नव्हते. आणि विचारायचे असते हे त्याला कळणार तरी कसे? आपल्या घरांत थोरामोठ्यांची चौकशी करणे हा उर्मटपणा समजतात. तो मुलगा आज चांगल्या नोकरीत आहे. पण सहा महिने तो संध्याकाळी गच्चीवर एकटा बसलेला असे, ते आम्ही शेजाऱ्यांनी पाहिले आहे.

चौकशी समाधानकारक झाली की पत्र. हल्ली ते ई-मेलने जाते, म्हणून लोकांना वाटते की एकाच वेळी ऐंशी जणांना पाठवावे, एखादे तरी लागेल. अशी पत्रे पहिल्या ओळीतच ओळखू येतात. एका अर्जदाराने माझ्या ‘मेंदूवरील थोर संशोधना’ची तोंड भरून स्तुती केली होती, मी आयुष्यभर गंजावर काम केले. दुसऱ्याच्या पत्रात मजकूर एका वळणाच्या अक्षरात होता आणि माझे नाव तेवढे दुसऱ्याच ठसठशीत अक्षरात चिकटवलेले. आमच्या शेजारच्या प्रयोगशाळेतल्या प्राध्यापिकाबाईंना येणारी निम्मी पत्रे ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होत. त्या ती पुढे वाचीत नसत, आणि त्यांचे काही चुकत होते असे मला वाटत नाही.

चांगले पत्र लहान असते. मी कोण, काय शिकलो, हे दोन ओळींत. तुमचा अमुक शोधनिबंध वाचला, आणि त्यावरून मला अमुक प्रश्न पडला. माझ्या हाताला अमुक काम येते. मी अमुक महिन्यापासून मोकळा आहे, आणि माझ्याकडे फेलोशिप आहे किंवा नाही. बस्स. नांदेडकडच्या एका मुलीचे पत्र मला अजून आठवते. तिने माझा एक निबंध वाचून विचारले होते, ‘तुमचा आलेख साठ अंशांवरच का थांबला? पुढे गंज वाढतो की कमी होतो?’ मी तिला त्याच दिवशी उत्तर लिहिले, कारण तो आलेख तिथे का थांबला ते मला पक्के ठाऊक होते: आमचे पाणी तापवायचे यंत्र साठाच्या वर जातच नव्हते. तिचे गुण मध्यम होते. पण जिथे इतर सगळे आलेख पाहून मान डोलावत, तिथे ती थांबली होती. संशोधनाला लागणारी गोष्ट हीच. गुणपत्रिकेत तिचा रकाना नसतो, म्हणून ती पत्रात दिसावी लागते.

पत्राबरोबर शिफारसपत्रे लागतात. याबाबत आपल्याकडे एक गंमतीदार रूढी पडली आहे. विद्यार्थी प्राध्यापकांकडे जातो, आणि प्राध्यापक म्हणतात, ‘तूच लिहून आण रे, मी सही करतो.’ मग बिचारा रात्री जागून तीन प्राध्यापकांच्या वतीने स्वतःची तीन वेळा स्तुती लिहितो. वाचणाऱ्याला ती तिन्ही पत्रे एकाच हातची असल्याचे दोन मिनिटांत कळते. त्यापेक्षा आपण त्यांच्याकडे काय काम केले, कोणत्या महिन्यात केले, काय अडले आणि ते कसे सोडवले, याचे एक पानाचे टिपण द्यावे आणि पत्र त्यांनाच लिहायची विनंती करावी. विभागप्रमुखांच्या चार गोड ओळींपेक्षा ज्या तरुण अध्यापकाने आपल्याला प्रयोगशाळेत घाम गाळताना पाहिले आहे, त्याचे साधे पत्र अधिक वजनदार ठरते.

आता परदेशच्या स्थळांकडे वळू. इथेही ‘परदेश’ हा एकच देश असल्यासारखे आपण बोलतो. प्रत्यक्षात दर देशाची रीत न्यारी. जर्मनीत पीएच. डी. ही पुष्कळ ठिकाणी नोकरी असते. सर्वांसाठी अशी एक प्रवेश परीक्षा नाही. प्राध्यापकाच्या प्रकल्पाला पैसे मिळाले की जाहिरात निघते, मग तो मे महिना असो की नोव्हेंबर. सरकारी विद्यापीठांत पगार ‘टी. व्ही.-एल. १३’ या श्रेणीने मिळतो. अभियांत्रिकीत बहुधा पूर्ण, विज्ञानाच्या शाखांत बरेचदा अर्धा किंवा दोन-तृतीयांश. काम मात्र कुठेच अर्धे नसते. बहुतेक ठिकाणी आधी पदव्युत्तर पदवी लागते. मार्गदर्शकाला त्यांच्या भाषेत ‘डोक्टरफाटर’, म्हणजे ‘डॉक्टरेटचा बाप’, म्हणण्याची पद्धत आहे. तेव्हा माझी स्थळाची उपमा अगदीच वावगी नव्हे. आपण ज्याला सासरा समजतो, त्याला ते वडील म्हणतात, इतकेच. प्रयोगशाळेत इंग्रजीवर निभावते, पण घरमालकाशी भांडायला जर्मनच लागते. म्हणून पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात घातलेले सहा महिने वाया जात नाहीत.

हॉलंडमध्येही पीएच. डी.चा विद्यार्थी बहुधा चार वर्षांच्या कराराने पगारी नोकर असतो. स्वीडनमध्ये पीएच. डी.ला फी नाही, परदेशी विद्यार्थ्यालाही नाही. युरोपीय संघाची मारी स्क्लोडोव्स्का-क्यूरी यांच्या नावाची योजना कोणत्याही देशाच्या विद्यार्थ्याला खुली असते. तिची एक अट मजेदार आहे: ज्या देशात जायचे, तिथे मागच्या तीन वर्षांत बारा महिन्यांहून अधिक वास्तव्य झालेले नसावे. म्हणजे सांगलीतून थेट जाणाऱ्याला कोणताही देश चालतो. पण नुकतीच जर्मनीत दोन वर्षे शिकलेल्याने शेजारच्या देशाकडे पाहावे. युरोपातल्या अशा जाहिराती ‘युरॅक्सेस’ या संकेतस्थळावर एकत्र पाहायला मिळतात.

अमेरिकेची रीत याहून निराळी. तिथे अर्ज प्राध्यापकाकडे नव्हे, विभागाकडे जातो, आणि निवड समिती करते. पुढच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात जायचे असेल तर अर्ज आदल्या डिसेंबरातच पोचवावा लागतो. म्हणजे दिवाळीचा फराळ संपेपर्यंत तयारी झालेली हवी. दर अर्जाला शुल्क असते आणि दहा ठिकाणी अर्ज केला तर रुपयांत तो आकडा घाम फोडणारा होतो. ते माफ करण्याची विनंती करता येते, आणि ती करण्यात लाज नाही. प्रवेशाबरोबर अध्यापन किंवा संशोधन-सहायकाचे काम मिळाले की फी माफ आणि वर विद्यावेतन, असा तिथला व्यवहार. पुष्कळ विद्यापीठांनी एक करार मान्य केला आहे: आर्थिक साहाय्यासह दिलेल्या जागेला विद्यार्थ्याने १५ एप्रिलपूर्वी उत्तर द्यावे असा आग्रह धरायचा नाही. तेव्हा मार्चमध्ये घाबरून पहिल्याच पत्राला होकार कळवू नये. मात्र एक सावधगिरी. २०२५ साली संशोधनाच्या निधीला कात्री लागल्यावर काही अमेरिकन विद्यापीठांनी जागा कमी केल्या, आणि कुठे कुठे दिलेला प्रवेशही मागे घेतला. म्हणून सगळी अंडी एका टोपलीत नकोत. शाकाहारी मंडळींनी सगळे लाडू एका डब्यात नकोत असे वाचावे.

इतके सारे केले तरी नकार येणारच. वीस पत्रांना तीन उत्तरे, तिन्हींत नकार, हे नेहमीचे आहे. पुष्कळदा त्याचे कारण अर्जदार नसतो. पैसे संपलेले असतात, किंवा जागा भरलेली असते. पण काही नकार निव्वळ अन्यायाचे असतात, आणि त्यांचे काय करावे, हे एका मराठी मुलीने दाखवून दिले आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. झालेल्या कमला भागवत यांनी बंगळूरच्या संस्थेकडे संशोधनासाठी अर्ज केला. त्यांचे वडील त्याच संस्थेत शिकलेले. संचालक होते सर सी. व्ही. रामन. अर्ज नाकारला गेला. कारण एवढेच की अर्जदार मुलगी होती. त्या स्वतः बंगळूरला गेल्या आणि मला का घेत नाही ते सांगा, म्हणून अडून बसल्या. शेवटी अटींवर प्रवेश मिळाला: पहिले वर्ष उमेदवारीचे, आणि काम पसंत पडले तरच पुढे मान्यता. तिथे श्रीनिवासय्या यांच्यासारखा कडक पण मनापासून शिकवणारा गुरू त्यांना लाभला. वर्षाअखेर काम पसंत पडले, आणि पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३९ साली कमलाबाईंनी केंब्रिजची पीएच. डी. मिळवली; वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम-सी या द्रव्यावरचे त्यांचे काम होते. याच पुढे कमला सोहोनी. ‘का नाही?’ हा प्रश्न त्यांनी विचारला नसता, तर त्या दाराशी आणखी किती वर्षे किती मुली उभ्या राहिल्या असत्या!

गुरू चांगला मिळाला की काय होते, याचेही उदाहरण आपल्या घरचेच आहे. जयंत नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले आणि फ्रेड हॉयल यांचे विद्यार्थी झाले. हॉयल यांची विश्वाविषयीची मते तेव्हा पुष्कळांना पटत नव्हती. त्यांच्याकडे जाणे हा सोपा रस्ता नव्हता. पण गुरूने शिष्याला बरोबरीने वागवले, आणि गुरुत्वाकर्षणाचा जो सिद्धान्त त्यांनी मांडला तो ‘हॉयल-नारळीकर’ अशा जोडनावाने ओळखला जातो. शिष्याचे नाव आपल्या नावाला जोडून घेणारा गुरू मिळणे, यासारखे स्थळ नाही.

माझ्या भाचीपुढे तीन वर्षांपूर्वी हाच पेच होता. ती केमिकल इंजिनिअर. गेटचे गुण चांगले. तिला दोन ठिकाणी जागा मिळाली. एक, जिचे नाव ऐकताच नातेवाईक खुर्चीत सरसावून बसतात अशी संस्था. दुसरी, जिचे नाव दोनदा सांगावे लागते अशी. आणि तिसरीकडे एका कंपनीची नोकरी, फेलोशिपच्या दुप्पट पगाराची. माझी बहीण म्हणाली, ‘दादा, तू तिला समजावून सांग. एक तर नोकरी धर म्हणावं, नाहीतर निदान नावाच्या ठिकाणी तरी जा. लोक विचारतात.’ भाची म्हणाली, ‘मामा, लोक एकदा विचारतील. मला तिथे रोज जायचंय.’

तिने दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना फोन केले. नावाच्या ठिकाणी सरांचे एवढे विद्यार्थी, की एकाने सांगितले, ‘सरांना माझं नाव दुसऱ्या वर्षी पाठ झालं.’ दुसऱ्या ठिकाणच्या बाई दर शुक्रवारी प्रत्येकाच्या टेबलाशी बसत आणि तिथल्या मुली त्यांच्याविषयी बोलताना हसत. तिने दुसरे ठिकाण निवडले. बहीण महिनाभर माझ्याशीही धड बोलत नव्हती.

आता सारे गोड झाले, असे सांगून मी तुम्हांला फसवणार नाही. खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारा पातळ पडदा तयार करणे, हा भाचीचा विषय. तो पडदा आठ दिवसांत चोंदतो. तीन वर्षांत तिने असे किती पडदे चोंदवले, त्याची मोजदाद नाही. तिच्या बरोबरीच्या मैत्रिणींनी घरे घेतली, तिचा पडदा अजून चोंदतोच आहे. पण मागच्या खेपेला ती आली तेव्हा तो का चोंदतो हे तिने मला जेवणाच्या ताटात भात आणि आमटी घेऊन तासभर समजावून सांगितले. आमटी निवली, तिचे तिला भान नव्हते. बहीण दाराशी उभी राहून ऐकत होती. नंतर मला एवढेच म्हणाली, ‘हिला आवडतंय रे हे.’

तेव्हा पालकहो, तुमच्या घरात कोणी पीएच. डी.चे नाव काढले, तर दोन गोष्टी विचारा. ‘कोणता प्रश्न?’ आणि ‘कोणाकडे?’ या दोन्हींची उत्तरे मुलाला देता येत नसतील तर त्याला आणखी सहा महिने चौकशी करू द्या. घाईने कोणाचे भले झालेले नाही. आणि जर केवळ नोकरी मिळत नाही म्हणून किंवा नावापुढे ‘डॉ.’ लागावे म्हणून तो निघाला असेल, तर मायेने परत वळवा, कारण पाच वर्षे तेवढ्या बळावर जात नाहीत. पण उत्तरे मिळाली, तर मग मागे उभे राहा. आणि एकदा तो गेला की दर दिवाळीला, ‘काय, कधी संपणार?’ हा प्रश्न फराळाच्या ताटाबरोबर वाढू नका. त्याऐवजी, ‘सध्या कुठे अडलं आहे?’ असे विचारा. तुम्हांला उत्तर कळणार नाही; पण तो दुसरी करंजी उचलील आणि सांगायला लागेल.